पहिल्या वर्षाच्या चर्चावर्गात शैक्षणिक मार्गदर्शन कसे सामावून घ्यावे

पदवीच्या पहिल्या वर्षाला आलेल्या विद्यार्थ्याला सल्ल्याची सर्वांत जास्त गरज पहिल्या दोन-तीन महिन्यांत असते आणि नेमक्या त्याच काळात तो सल्ला मागायला कोणाकडेही जात नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागातील महाविद्यालयांत हे अधिक जाणवते. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसीला (अकरावी-बारावीला) एकदम इंग्रजी माध्यमात आलेला मुलगा वर्गात गप्प बसतो, विषय बदलायची मुदत कधी संपली हे त्याला नंतर कळते आणि प्राध्यापकांच्या खोलीच्या दारापर्यंत येऊनही तो परत फिरतो. बहुतेक महाविद्यालयांत मेंटॉर-मेंटी योजना (प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक मार्गदर्शक प्राध्यापक) असते, महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनात तिची माहिती मागितली जाते आणि नोंदवहीत सह्याही असतात. परंतु ज्याला विचारायचे धाडस नाही, त्याच्यापर्यंत ही योजना पोहोचत नाही. म्हणून मार्गदर्शन ही वेगळी सोय न ठेवता आठवड्याच्या चर्चावर्गाचा अभ्यासक्रमच त्यातून घडवावा, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला ते न मागता मिळेल.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाने १९७२ मध्ये पहिल्या वर्षासाठी ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा वर्ग सुरू केला आणि त्याच वर्षी बर्न्स क्रुकस्टन या अभ्यासकाने शैक्षणिक सल्ला देणे हेही अध्यापनच आहे, अशी मांडणी केली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये ‘दीक्षारंभ’ ही मार्गदर्शिका काढली. तिच्यामुळे प्रवेशानंतरचे परिचयाचे कार्यक्रम सुरू झाले, पण प्राचार्यांचे भाषण आणि ग्रंथालयाची फेरी झाली की पुष्कळ ठिकाणी ते तिथेच थांबतात. खरे प्रश्न त्यानंतर सुरू होतात.

तास आणि माणूस

सर्वप्रथम वेळापत्रकात आठवड्याला एक तास पक्का करावा. शंभर मुलांच्या वर्गाचे, विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकांसाठी करतात तसे, पंचवीस-तीस जणांचे गट पाडावेत आणि जो प्राध्यापक गटाचा तास घेईल तोच त्या गटाचा मेंटॉर असावा. या दोन भूमिका एकाच व्यक्तीकडे असणे हा या पद्धतीचा कणा आहे, कारण ज्यांच्यासमोर दर आठवड्याला बसतो त्यांनाच मुलगा अडचण सांगतो. हा तास दिवसाच्या शेवटी ठेवू नये. जांबोटी, खानापूर किंवा चंदगडकडे जाणारी मुले बसची वेळ सांभाळून असतात आणि शेवटच्या तासाला त्यांचे लक्ष घड्याळाकडे असते. विद्यापीठाने या वर्गाला स्वतंत्र क्रेडिट दिले नसेल, तर विभागप्रमुखांशी बोलून एखाद्या विषयाच्या अंतर्गत मूल्यमापनातील एक स्वाध्याय त्याला जोडावा. ज्याला एकही गुण नाही त्या तासाला मुले पहिला महिना येतात आणि मग येईनाशी होतात.

विषयक्रम दिनदर्शिकेवरून ठरवावा

चर्चावर्गाचे विषय ‘वेळेचे नियोजन’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’ अशा मथळ्यांवरून न ठरवता, विद्यार्थ्याला कोणत्या आठवड्यात कोणता निर्णय घ्यावा लागतो त्यावरून ठरवावेत. पहिल्या पंधरवड्यात भाषाविषय आणि ऐच्छिक विषय यांची निवड असते, म्हणून तेव्हाच अभ्यासक्रमाचा आराखडा वर्गात उघडून वाचावा. यूयूसीएमएस या कर्नाटकातील विद्यापीठांच्या संगणकीय प्रणालीवर आपल्या नावापुढे कोणते विषय नोंदले गेले आहेत, हे प्रत्येकाने स्वतः मोबाइलवर पाहावे आणि प्राध्यापकांनी ते तपासावे. शिष्यवृत्तीसाठी एसएसपी हे कर्नाटक सरकारचे पोर्टल उघडले की एक तास त्याला द्यावा. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून (स्थानिक महसूल कार्यालयातून) मिळवणे, त्यावरील आरडी क्रमांक (दाखल्याचा क्रमांक) नीट उतरवणे, बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची खात्री करणे ही कामे कोणी समजावून सांगितली नाहीत, तर हक्काची रक्कम हातची जाते. पहिल्या अंतर्गत चाचणीनंतरचा तास उत्तरपत्रिकांसाठी आणि परीक्षा अर्जाच्या आधीचा तास हजेरीसाठी ठेवावा. ७५ टक्क्यांची अट सर्वांना माहीत असते, पण आपली हजेरी आज किती आहे हे फार थोड्यांना माहीत असते.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे आणि बाहेरच्या मार्गदर्शिकांत तिचा उल्लेख सापडणार नाही. कर्नाटकाने २०२१-२२ पासून राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांच्या पदवीची रचना आणली आणि २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी लागू केली. त्यामुळे एकाच घरातील थोरला भाऊ एका रचनेत आणि धाकटी बहीण दुसऱ्या रचनेत शिकत असते. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात शिकणाऱ्या मामेभावाचे नियम तर आणखी वेगळे असतात, कारण ते राज्य आणि ते विद्यापीठ दोन्ही वेगळी आहेत. घरचा सल्ला आपुलकीचा असतो, पण तो बऱ्याचदा दुसऱ्याच अभ्यासक्रमाचा असतो. दुसऱ्याच तासाला या तिन्ही रचना फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात आणि ‘आपल्याला यांतील कोणती लागू आहे?’ हे मुलांकडूनच वदवून घ्यावे.

पदवीचा आराखडा

साऱ्या चर्चावर्गाचे फलित म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला एका पानाचा आराखडा. डावीकडे सहा सत्रे आणि त्यांतील विषय लिहावेत, उजवीकडे पदवीनंतरच्या दोन शक्य वाटा आणि त्या वाटांच्या प्रवेशाच्या अटी. दोन वाटा लिहायला लावणे महत्त्वाचे आहे. एकच विचारली तर मुले घरच्यांनी सांगितलेली लिहितात, दुसरी बहुधा त्यांची स्वतःची असते.

अटी मोघम लिहू देऊ नयेत. ‘बी.एड. करणार’ एवढे पुरेसे नाही. बी.एड.ला खुल्या प्रवर्गासाठी पदवीला किमान ५० टक्के लागतात आणि शाळेत शिकवायचा विषय पदवीला असावा लागतो, हे त्या पानावर यायला हवे. सीए करायचे असेल आणि फाउंडेशन ही सुरुवातीची परीक्षा न देता पदवीनंतर थेट प्रवेश हवा असेल, तर वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के आणि इतर शाखांच्या पदवीधराला ६० टक्के लागतात. हे आकडे पाहिले की पहिल्या सत्राचे गुणही शेवटच्या बेरजेत धरले जातात, ही गोष्ट मुलांना न सांगता समजते. महाराष्ट्रातील काही व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात सीमाभागातील मराठी भाषक विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. त्यासाठी आपली शाळा कोणत्या गावी होती आणि मातृभाषेचा दाखला कोठून मिळतो याची नोंद आताच करून ठेवावी, कारण कागद जमवायला ऐन वेळी सवड नसते.

हा आराखडा सत्राच्या मध्यावर एकदा आणि निकालानंतर एकदा, असा दोनदा दुरुस्त करून घ्यावा. खाडाखोड असलेले पान परत लिहायला लावू नये. काय बदलले आणि का बदलले हे त्यावरूनच कळते.

समोरासमोरचे बोलणे

प्रत्येक सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याशी किमान एकदा दहा-पंधरा मिनिटे स्वतंत्र बोलावे. त्यासाठी तासाबाहेर वेळ शोधू नये. बाकीचा गट ग्रंथालयात दिलेले काम करत असताना एकेकाला बोलवावे. या बोलण्यात प्रश्न कसा विचारला जातो यावर सारे अवलंबून आहे. ‘पुढे काय व्हायचे ठरवले आहेस?’ असे विचारले की उत्तर येते, ‘बघू सर.’ त्याऐवजी अगदी जवळचे विचारावे.

‘काल घरी किती वाजता पोहोचलीस?’

‘साडेपाचला, सर.’

‘मग?’

‘म्हशींचं बघितलं, भाकऱ्या केल्या. नऊनंतर अकाउंट्सची वही उघडली, पण इंग्रजीतलं वाचूनसुद्धा कळलं नाही, म्हणून नुसतं उतरवून काढलं.’

इतक्या उत्तरात अभ्यासाची वेळ, घरची जबाबदारी आणि भाषेची अडचण तिन्ही आली. आता सल्ला देता येतो: रिकाम्या तासाला महाविद्यालयातच अभ्यास उरकावा, धड्यातील वीस पारिभाषिक शब्द आधी मराठीत समजून घ्यावेत आणि उदाहरण उतरवण्यापूर्वी शेजारणीला मराठीत समजावून सांगावे. ‘मेहनत कर’ असे सांगण्यापेक्षा हे कितीतरी जास्त उपयोगाचे आहे. बोलणे संपल्यावर ठरलेल्या गोष्टी तिनेच दोन ओळींत आराखड्याच्या मागे लिहाव्यात.

भाषा

चर्चावर्गात विचार मराठीत करू द्यावा, लिहिणे सुरुवातीला मराठीत आणि पुढे इंग्रजीत होऊ द्यावे. पहिल्या दिवसापासून इंग्रजीची सक्ती केली तर चर्चा चार-दोन मुलांपुरती राहते. कन्नडविषयीही तितकेच स्पष्ट बोलावे. कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या भरतीत कन्नडच्या ज्ञानाची कसोटी लागते आणि सरकारी अर्ज व परिपत्रके कन्नडमध्ये असतात. ज्याला या राज्यात नोकरी करायची आहे त्याने पहिल्याच वर्षापासून कन्नड वाचायला शिकावे, असे आपलेपणाने सांगणे हे मार्गदर्शकाचे काम आहे. मराठी टिकवणे आणि कन्नड शिकणे यांत माझ्या मते कोणताही विरोध नाही. ज्या गटाच्या प्राध्यापकांना मराठी येत नाही, तिथे वरच्या वर्गातील एक मराठी भाषक विद्यार्थी मदतीला द्यावा, मात्र खासगी बोलण्याच्या वेळी त्याला बसवू नये.

मर्यादा

मार्गदर्शकाने निर्णय घ्यायचा नसतो, निर्णयाला लागणारी माहिती आणि धीर द्यायचा असतो. विद्यार्थ्याने सांगितलेले घरचे काही असेल तर ते नोंदवहीत लिहू नये. मुलीचे शिक्षण थांबवण्याचे घरात चालले असेल तर पालकांना महाविद्यालयात बोलावून घेण्याआधी तिला विचारावे, कारण तिला त्याचा त्रास होऊ शकतो. मन खचलेले दिसले तर स्वतः समुपदेशक होऊ नये. महाविद्यालयातील समुपदेशकाकडे सोबत जावे आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक प्रत्येक आराखड्याच्या तळाशी छापून ठेवावा.

दुसऱ्या सत्राच्या शेवटच्या तासाला आराखड्याची एक प्रत विद्यार्थ्याकडे राहील आणि दुसरी, त्याच्या संमतीने, पुढच्या वर्षाच्या मेंटॉरकडे जाईल. ही प्रत कार्यालयामार्फत न पाठवता दोन्ही प्राध्यापकांनी एकत्र बसून, एकेका नावावर मिनिटभर बोलून हाती द्यावी.