काळ्या मातीत वेलीचा मांडव उभा करताय? या चुका टाळा

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आमच्या गावात हेच पाहायला भेटते. दोन-तीन दिवसाची झड लागली की कोणाचा तरी दोडक्याचा नाहीतर लौकीचा मांडव बसलेला असतो, आणि जो तो म्हणते हवा जोरात होती. हवा तर दरवर्षीच असते ना. मांडव वरून नाही पडत, खालून पडतो.

आपली माती काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पाऊस लागला की तीच माती फुगून लोण्यासारखी होते. मे महिन्यात सब्बलीने फूटभर गड्डा केला, बांबू ठोकला, तेव्हा तो असा घट्ट वाटते की हालत नाही. पण ओली झाल्यावर ती माती बांबूला धरतच नाही, आणि नेमकं त्याच वेळी वर पानांचं छप्पर झालेलं असते, शिडासारखी हवा धरते, त्यात लौक्यांचं वजन. म्हणून गड्डा दोन फूट पाहिजेच. तळाला एक चपटा दगड, त्यावर बांबू, आणि भोवती तीच काळी माती परत न भरता मुरूम आणि दगडगोटे टाकून थर-थर कुटायचं, पाणी खांबापासून दूर जाईल असा वर उतार द्यायचा. चारही कोपऱ्यांना बाहेरच्या बाजूने तिरपी ताण द्या, दोरीची असो की बांबूची. हे एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

बांबू कोवळा, हिरवा तोडून लगेच लावणं ही दुसरी चूक. त्याच्यात गोडवा असतो, भुंगा लागतो, आतून पीठ पडते. जुने लोक हिवाळ्यात तोडून दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवायचे ते उगाच नाही. जमिनीत जाणाऱ्या टोकाला उधई, म्हणजे वाळवी लागते, तिथे डांबर लावून पूर्ण वाळू द्या. काही जण जळकं ऑइल लावतात, मला तरी भाजीच्या मुळाजवळ ते पटत नाही.

आता पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं. फुकटच्या आहेत, घरीच आहेत, म्हणून मांडवावर टाकतात. पण वाळलेली बोंडं त्याला तशीच असली तर त्यात गुलाबी बोंडअळी लपून बसते आणि पुढच्या कपाशीवर येते. २०१७ ला विदर्भात या अळीने काय केलं ते सगळ्यांनी पाह्यलं आहे. दोडक्याच्या चार वेलींसाठी शेताला धोका कशाला घ्यायचा? त्यापेक्षा तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळलेल्या काड्या वापरा. वाल, चवळीच्या शेंगांना तर त्या एकदम बेस्ट.

वेल चढतच नाही, खालीच लोळते, अशी बऱ्याच जणांची तक्रार असते. मग खत टाकतात, फवारे मारतात. आधी पाहा तिला धरायला काय दिलं आहे. कारलं, दोडका, काकडी हे बारीक तणाव्यांनी धरतात आणि त्या तणाव्याला मनगटाएवढा बांबू धरता येत नाही, त्याला सुतळी, जाळी, बारीक काडी पाहिजे. वालाचं वेगळं, तो स्वतःच गोल फिरत चढतो. जाळीची घरं चार ते सहा इंचाची घ्या, हात गेला पाहिजे आणि फळ अडकलं नाही पाहिजे. मासे पकडायची जुनी बारीक जाळी तर लावूच नका, आमच्या वाडीत एक धामण त्यात अडकली होती, कात्रीने कापून सोडवता सोडवता संध्याकाळ झाली.

वेल बांधताना तार किंवा नायलॉन आवळू नका, दांडा जाड झाला की ते आत रुतते. जुन्या सुती लुगड्याची पट्टी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी ढिली बांधायची. उलट मांडवाचे जोड मात्र सुतळीने बांधू नका, दोन महिन्याच्या पावसात ती सडते, तिथे बाइंडिंग तारच पाहिजे.

उंची साडेपाच-सहा फूट पुरे. आणि मृग लागायच्या आधीच, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मांडव तयार ठेवा, वेल हातभर झाल्यावर गड्डे खोदले तर मुळं तुटतात.

मांडव झुकलाच असेल तर ओल्यात एकदम ओढून सरळ करू नका, दांडे पिचकतात आणि दोन दिवसात वेल सुकते. आधी खालून बेचक्याची बल्ली टेकवा, जून फळं तोडा, खालची पिवळी पानं काढून वजन कमी करा. उघाड पडली की रोज थोडा-थोडा उचलायचा आणि खांबाच्या बुडाशी मुरूम कुटत जायचं. आमच्या मोठ्या आईने असाच एक पडता मांडव आठ दिवसात उभा केला होता, त्याला दिवाळीपर्यंत दोडके लागले.