गोव्यात खडपांवर काइट करायचं तर बूट कुठले घ्यायचे

मोरजीला मधल्या रेतीच्या पट्ट्यात बहुतेक लोक अनवाणीच काइट (म्हणजे काइटसर्फिंग, मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवरून पाण्यावर सरकत जाणं) करतात आणि तिथे ते चालून जातं. पण आश्वेच्या बाजूला जांभ्याची खडपं पाण्यात शिरलीयत तिथे, किंवा हरमलच्या उत्तर टोकाला, किंवा शापोरा नदीच्या तोंडाशी ओहोटीला शिंपल्यांचा थर उघडा पडतो तिथे अनवाणी जाऊ नका, बाकी मर्जी तुमची.

खूप जण म्हणतात आपण बघून पाय टाकतो, बूट कशाला. अरे पण बघणार कधी? काइट डोक्यावर उभी, नजर वर, एक हात बारवर (काइट आवरायच्या दांड्यावर), दुसऱ्या काखेत बोर्ड, त्यात वाऱ्याचा झटका आला की चार पावलं तुम्ही ओढले जाताच आणि ती पावलं कुठे पडतील ते वारा ठरवतो. बोर्डवर चढल्यावर पायाला काही होत नाही, जे काय होतं ते पाण्यात उतरताना आणि बाहेर येताना. म्हणजे बूट घ्यायचा तो चालण्यासाठी, फक्त तो बोर्डवर आड येता कामा नये, एवढं डोक्यात ठेवलं की निम्मी निवड झाली.

सगळ्यात आधी तळ बघा. आपल्याकडचा खरा शत्रू म्हणजे कालवं. लोक कालवं फोडून आतलं मांस काढून नेतात आणि खालची शिंपी खडकालाच चिकटून राहते, धार वर करून, अगदी ब्लेडसारखी. जांभा तसा ठिसूळ, पण त्याची भोकं आणि कंगोरे पातळ तळातून नीट टोचतात. वर किनाऱ्यावर बियरच्या फुटक्या बाटल्या आणि जाळ्यातून पडलेले गळ असतात ते वेगळेच. दुकानात एक सोपी टेस्ट करा, बुटाच्या आत हात घाला आणि बाहेरून तळावर गाडीची चावी टोकाने दाबा. टोक तळहाताला स्पष्ट जाणवलं तर शिंपीही जाणवणार, तो बूट ठेवून द्या. साधारण ४-५ मिमी रबराचा तळ हवा, आणि रबर बोटांच्या पुढून आणि टाचेच्या मागून थोडं वर चढलेलं हवं, कारण ठेच लागते ती तिथेच. पण तळ इतकाही कडक नको की हाताने दुमडता येत नाही, तसला बूट बोर्डवर लाकडी फळी बांधल्यासारखा होतो.

ग्रिपचं म्हणाल तर मऊ रबर आणि बारीक खाचा बऱ्या. हिरव्या शेवाळावर मात्र कुठलाच बूट पूर्ण धरत नाही, दुकानदार काहीही सांगो.

आता जाडी. नेटवर वाचायला गेलात तर ५ मिमी निओप्रीनचे (वेटसूटच्या स्पंजी रबराचे) बूट घ्या म्हणून सांगतील, ते युरोपच्या थंड पाण्यासाठी. आपलं समुद्राचं पाणी २७ ते ३० डिग्रीच्या आसपास, इथे ऊब नकोच आहे. वरचा भाग २ मिमी, फार तर ३ मिमी पुरे, त्याहून जाड घेतलात तर पाय शिजतो आणि वर फूटस्ट्रॅपमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या पाय अडकवायच्या पट्ट्यात, बसत नाही.

उंची घोट्याच्या वर जाणारी घ्या. बुटके रीफ शूज स्वस्त असतात, पण लाटेत पाणी आणि रेती आत भरते, आणि खडपाच्या भेगेत पाय घसरला की सोलवटतो तो घोटाच. घोट्यावर वेल्क्रोचा पट्टा हवा, नाहीतर बॉडी ड्रॅग करताना, म्हणजे बोर्डाशिवाय काइटने पाण्यातून ओढत जाताना, बूट पायातून निघून जातो आणि मग बसा शोधत. लेसवाला असेल तर लेस आत खोचायची सोय बघा, लोंबणारं काहीही काइटच्या लाइन्सजवळ (दोऱ्यांजवळ) नको. चेन असलेला बूट घालायला सोपा पण खाऱ्या पाण्याने चेन धरते, मी तरी बिनचेनचा घेईन.

साइज घेताना पाय थोडा सुजलेला असतो तेव्हा, म्हणजे संध्याकाळी ट्राय करा. निओप्रीन ओलं झालं की सैलावतं, म्हणून कोरडा असताना बूट घट्ट बसायला पाहिजे, बोटं पुढे टेकलेली पण दुमडलेली नाहीत. चवड्यांवर उभं राहून बघा, टाच आत वर सरकली तर एक नंबर कमी. अंगठा वेगळा असलेले बूट येतात, त्यात पाय आत फिरत नाही, पण दोन बोटांच्या मध्ये ती शिवण काहींना घासते, घालून बघितल्याशिवाय घेऊ नका.

आणि हे जे कोणी करत नाही ते करा, बोर्ड दुकानात घेऊन जा किंवा निदान परत करता येईल अशा ठिकाणी खरेदी करा. बूट घालून फूटस्ट्रॅपमध्ये पाय घाला. स्ट्रॅप सैल करावा लागेल, तो करा, पण झटक्यात पाय बाहेर येतो का ते बघा. पडताना एक पाय निघाला आणि दुसरा अडकला तर गुडघा पिरगळतो, आणि ते दुखणं कालवाच्या कापापेक्षा कितीतरी महाग पडतं. खालचं खोल नक्षीचं रबर स्ट्रॅपच्या कडेला अडकत असेल तर तो बूट बाद.

क्रॉक्स, रबरी सँडल, जुने कॅनव्हास बूट हे सगळं लोक वापरून बघतात. कॅनव्हास पाणी पिऊन जड होतो, सँडलच्या पट्ट्यात खडे शिरतात, आणि क्रॉक्स पहिल्या लाटेला मुंबईला.

पाकटाचं (स्टिंग रे, शेपटीत विषारी काटा असलेला चपटा मासा) मात्र वेगळं. उथळ रेतीत पाकट पुरून बसलेला असतो आणि त्याचा काटा निओप्रीन सहज भेदतो, म्हणून बूट आहेत म्हणून बिनधास्त धपाधप चालू नका, रेतीवर पाय घासत जा म्हणजे तो आधीच पळतो. तरी लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ डिग्रीच्या वर नाही, तासभर बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा, काटा खोल रुतला असेल तर स्वतः उपटू नका. कालवाने कापलं तर गोड्या पाण्याने आतपर्यंत धुवा, शिंपीचा तुकडा राहिला नाही ना बघा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते आठवा. लाली पसरायला लागली किंवा ताप आला तर घरी हळद लावत बसू नका, कोमट खाऱ्या पाण्यातले जंतू वाईट असतात.

भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच जा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओहोटी खूप खाली जाते आणि एरवी बुडालेली खडपं वर येतात किंवा, जास्त वाईट, पाण्याच्या जरासं खाली राहतात. फेब्रुवारी ते एप्रिल दुपारचा वायव्येचा वारा छान असतो पण त्याच वेळी पूर्ण ओहोटी असेल तर बूट असूनही मी मोरजीच्या रेतीवरूनच सुरुवात करेन.

घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुडवून, उलटे करून सावलीत वाळवा, उन्हात ठेवलेत तर तळाचा गम सुटतो. सुटलाच तर फेकू नका, म्हापशाच्या बाजारात मोच्याकडून कडेने शिवून घ्या, भोकांतून पाणी येईल तर येऊ दे, ऊब आपल्याला नकोच होती. तळ मधोमध झिजून चावीची टेस्ट फेल झाली की मात्र नवीन जोडी घ्या.