इंटरनेट रेडिओ: न तुटता ऐकायचा कसा, आणि चालवणाऱ्याचं अडतं कुठं

एफएमच्या टॉवरला श्रोते मोजावे लागत नाहीत. दहा घरांत रेडिओ लागला काय आणि दहा हजार घरांत लागला काय, विजेचं बिल तेवढंच. इंटरनेट रेडिओत मात्र प्रत्येक श्रोत्यासाठी सर्व्हरपासून त्याच्या मोबाइलपर्यंत वेगळा धागा ओढलेला असतो. गाणं मध्येच थांबतं ते हा धागा तुटल्यामुळं. लहान स्टेशनं दमतात तीही या धाग्यांचा खर्च झेपत नाही म्हणून.

डेटा किती जातो?

रेडिओनं नेट संपतं ही भीती आधी काढून टाका. स्टेशनचा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला येणारा डेटा, जितके केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) असेल त्याला ०.४५ नं गुणा, तासाला लागणारे एमबी मिळतात. १२८ ला सुमारे ५८ एमबी, ६४ ला २९, ३२ ला १४. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर ६४ चं स्टेशन चोवीस तास चालू ठेवलं तरी ७०० एमबी होत नाहीत.

अडचण वेगाची नसते, सातत्याची असते. शेतातल्या आखाड्यावर एकच कांडी रेंज असली तरी ३२ चा प्रवाह (स्ट्रीम) येतो. पण ती कांडी दर दोन मिनिटांनी गेली तर १०० एमबीपीएसची जाहिरात काही कामाची नाही. म्हणून एकाच स्टेशनचे दोन-तीन प्रवाह असतील तर लहानातला निवडा. त्यातही कोडेक, म्हणजे आवाज आटवून पाठवण्याची पद्धत, बघा. ३२ केबीपीएसचा एमपी३ पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाजतो, तर तेवढ्याच डेटातला एचई-एएसी ऐकण्यासारखा असतो. कारण त्यात वरच्या पट्टीचे स्वर पूर्ण पाठवत नाहीत; थोडी खूणमाहिती पाठवतात आणि त्यावरून मोबाइल ते पुन्हा उभे करतो. बासरी आणि टाळ ऐकले की फरक लगेच कळतो.

ऐकायला सुरुवात

आकाशवाणीसाठी प्रसार भारतीचं ‘न्यूज ऑन एआयआर’ ॲप घ्या आणि महाराष्ट्र निवडून केंद्र शोधा. आपल्या मराठवाड्यात परभणी, छत्रपती संभाजीनगर, नांदेड, बीड, धाराशिव इथं आकाशवाणीची केंद्रं आहेत. नव्या नावानं सापडलं नाही तर औरंगाबाद, उस्मानाबाद असं जुन्या नावानं शोधून बघा. जगभरच्या स्टेशनांसाठी ‘रेडिओ गार्डन’ किंवा ‘ट्यूनइन’ आहे.

पण रोज ऐकायचं स्टेशन असेल तर व्हीएलसी हा मोफत प्लेअरच बरा. संगणकावर ‘मीडिया’ मेनूतून ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ उघडा आणि प्रवाहाचा पत्ता चिकटवा. स्टेशनच्या वेबसाइटचा पत्ता इथं चालत नाही, थेट प्रवाहाचाच लागतो. त्यात बहुतेक वेळा कोलननंतर ८००० सारखा पोर्ट क्रमांक असतो. कधी हाताला पीएलएस किंवा एम३यू नावाची छोटी फाइल लागते. ती नोटपॅडमध्ये उघडा, खरा पत्ता आत साध्या अक्षरांत लिहिलेला असतो.

आता सगळ्यात उपयोगाची सेटिंग: नेटवर्क कॅशिंग, म्हणजे वाजवण्याआधी किती आवाज साठवून ठेवायचा ते. व्हीएलसीत ती मुळात १००० मिलिसेकंद, म्हणजे एकच सेकंद असते. ती ८००० ते १०००० करा. सुरू होताना गाणं जरा उशिरा लागेल, पण पाच-सहा सेकंद रेंज गेली तरी आवाज थांबणार नाही. मोबाइलच्या व्हीएलसीतही ही सेटिंग ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये सापडते.

कुठं बिघडतं?

स्क्रीन बंद केली की दहा मिनिटांत रेडिओ गप्प होतो, ही नेहमीची तक्रार. दोष स्टेशनचा नसतो, बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइड ॲपला झोपवतं. त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा आणि डेटा सेव्हरमध्ये त्याला सूट द्या.

स्टेशन व्हीएलसीत वाजतं पण ब्राउझरमध्ये वाजत नाही, असं झालं तर पत्ता सुरक्षित ‘एचटीटीपीएस’ऐवजी नुसत्या ‘एचटीटीपी’नं सुरू होतो का बघा. एचटीटीपीएसच्या पानावर असुरक्षित प्रवाह ब्राउझर चालू देत नाही, आणि अँड्रॉइड ९ पासून ॲपवरही मुळातच तशी बंदी असते. इथं श्रोत्याच्या हातात काही नाही. स्टेशननं सर्व्हरवर एचटीटीपीएससाठीचं प्रमाणपत्र बसवलं पाहिजे.

परभणीहून जिंतूरला एसटीत जाताना टॉवर बदलत जातात. एखाद्या वेळी मोबाइलचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवरचा त्याचा क्रमांकही बदलतो आणि सलग चाललेली जोडणी तुटते. ज्या स्टेशनकडं एचएलएस प्रवाह आहे ते इथं टिकतं, कारण त्यात आवाज सहा-सहा सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि पुढचा तुकडा नव्या जोडणीवरून मागता येतो. प्लेअर साधारण तीन तुकडे मागे चालतो, म्हणून असा रेडिओ एफएमच्या निदान अठरा सेकंद मागे असतो. बातम्यांच्या ठोक्यावर घड्याळ मात्र लावू नका.

चालवणाऱ्याचा हिशेब

आता धाग्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. ६४ चं स्टेशन सतत १०० जण ऐकत असतील तर सर्व्हरवरून ६.४ एमबीपीएस जातं, म्हणजे महिन्याला सुमारे २ टीबी. हे घरच्या वायफायवरून करायला जाऊ नका. एकतर पुष्कळ जोडण्यांत एकच सार्वजनिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला असतो, त्यामुळं बाहेरून आत येता येत नाही. शिवाय लाइट गेली की सगळेच श्रोते तुटतात. घरून एकच प्रवाह भाड्याच्या सर्व्हरवर पाठवा आणि वाटप तिथल्या आइसकास्ट या सॉफ्टवेअरला करू द्या. पाठवायला ‘बट’ किंवा ‘मिक्स्क्स’ ही मोफत सॉफ्टवेअर पुरतात.

आइसकास्टमध्ये दोन गोष्टी पहिल्याच दिवशी करा. एक, फॉलबॅक माउंट, म्हणजे पर्यायी प्रवाह (माउंट म्हणजे सर्व्हरवरचा प्रवाहाचा पत्ता). घरची लाइट गेली की आइसकास्ट श्रोत्याला आपोआप सर्व्हरवरच्या नोंदवलेल्या गाण्यांकडं वळवतं आणि ‘फॉलबॅक ओव्हरराइड’ चालू असेल तर लाइट आल्यावर परत आणतं. दोन, बर्स्ट साइझ. जोडल्याबरोबर श्रोत्याला ६४ केबीचा (किलोबाइटचा; एका बाइटचे आठ बिट) साठा एकदम मिळतो. ६४ केबीपीएसला ते आठ सेकंद होतात, १२८ ला चारच. बिटरेट वाढवला तर हाही वाढवा. मराठी गाण्यांची नावं प्रश्नचिन्हांसारखी दिसत असतील तर माउंटच्या कॅरेक्टर सेटमध्ये यूटीएफ-८ लिहा. राऊटर आणि संगणक यूपीएसवर ठेवाच.

हे सगळं पैशानं सुटतं. हक्कांचं मात्र तसं नाही. एफएम स्टेशनला कॉपीराइट कायद्याच्या ३१ड कलमाखाली ठरलेल्या दरानं गाणी वाजवता येतात. ते कलम इंटरनेटला लागू नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयानं २०१९ साली टिप्स (म्युझिक कंपनी) विरुद्ध विंक (गाण्यांचं ॲप) खटल्यात दिला आणि २०२२ साली खंडपीठानं तो कायम ठेवला. म्हणजे वेबवरच्या लहान स्टेशनला प्रत्येक म्युझिक कंपनीच्या दारात स्वतंत्र परवानगी मागावी लागते. अमेरिकेत दर ठरलेला आहे, पण तो गाणं गुणिले श्रोते असा. २०२१ साली जाहिरातींवर चालणाऱ्या मोफत स्टेशनांसाठी तो प्रत्येक गाण्याला, प्रत्येक श्रोत्यामागं ०.००२१ डॉलर होता. तासाला १५ गाणी आणि १०० श्रोते धरले तर तासाचे ३.१५ डॉलर, दिवसाचे ७५ च्या वर. श्रोते वाढले की उत्पन्नाआधी बिल वाढतं. गावोगावच्या चांगल्या स्टेशनांची मान इथंच अडकते.

अभंग तरी फुकट असतील ना, असं वाटतं. गंगाखेडच्या जनाबाईंचे शब्द मोकळेच आहेत. पण चाल ही संगीतकाराची, तिचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षं राहतो. रेकॉर्डिंगचा हक्क आणखी वेगळा: प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. १९६५ सालच्या रेकॉर्डचा हक्क २०२५ अखेर संपतो, १९७० च्या रेकॉर्डचा २०३० अखेर. ज्या चालीचे हक्क शिल्लक असतील तिच्यासाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेकडं जावं लागतं, रेकॉर्डिंगसाठी कंपनीकडं किंवा पीपीएल या रेकॉर्ड कंपन्यांच्या हक्कसंस्थेकडं.

त्यामुळं मराठवाड्यात स्टेशन काढायचं तर भारूड, गोंधळ, जात्यावरच्या ओव्या, शाहिरी स्वतः रेकॉर्ड करण्याइतका भक्कम पाया दुसरा नाही. मात्र गाणाऱ्या बाईंकडून कागदावर सही घ्या: रेकॉर्ड करणं, थेट प्रसारण, नंतर पुन्हा लावणं आणि साठवून ठेवणं, ही चारही कामं वेगवेगळी लिहून. नुसतं ‘परवानगी आहे’ एवढं पुरत नाही. मोबदला ठरला असेल तर आकडा तिथंच लिहा आणि एक प्रत त्यांच्या हाती द्या.

श्रोत्यांनाही मदत करता येते. ऐकत नसाल तेव्हा प्लेअर बंद करा, आवाज नुसता शून्यावर नेला तर धागा चालूच राहतो. आणि स्टेशन तुटलं तर ‘लागत नाही’ एवढंच कळवू नका. ‘सेलू, रात्री ८.१०, मोबाइल डेटा, ३२ चा प्रवाह, दर पाच मिनिटांनी तुटतो’ असं लिहा. एवढ्यावरून दोष टॉवरचा की सर्व्हरचा, हे त्यांना शोधता येतं.