रटलंड वॉटरला सायकली घेऊन जाताय? मग या चुका टाळा

मे महिना लागला की इंग्लंडमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा मेसेज येतोच: "रविवारी कुठल्यातरी तळ्यावर जाऊ या. मुलं सायकली चालवतील, आपण डबे घेऊन बसू." आम्ही लेस्टरला राहतो. गाडीने पाऊण तासावर रटलंड वॉटर आहे, त्यामुळे आमची गाडी बहुतेक वेळा तिकडेच वळते. एम्पिंगहॅमजवळ ग्वॉश या छोट्या नदीवर धरण घालून १९७०च्या दशकात हा जलाशय झाला. पृष्ठभागाचा विचार केला तर इंग्लंडमधला हा सगळ्यात मोठा जलाशय. इथे मी बऱ्याच चुका केल्या आहेत आणि दर वर्षी नवी आलेली कुटुंबं त्याच चुका करताना दिसतात, म्हणून हे लिहितो आहे.

अंतर न बघता निघणं

सगळ्यात मोठी चूक हीच आणि बाकीच्या निम्म्या चुका हिच्याच पोटातल्या. किनाऱ्यावर उभं राहिलं की पलीकडचा काठ दिसतो आणि "हे काय, तासाभरात होईल" असं वाटतं. रटलंड वॉटरची पूर्ण फेरी हॅम्बल्टनच्या भूशिरासकट सुमारे ३७ किलोमीटर आहे. भूशिर सोडलं तरी २७ उरतात. बागेत मूल दमलं तर मधल्या वाटेने फाटक गाठता येतं. तळ्याला मधली वाट नसते. निम्म्यावर पोचल्यावर पुढे जा नाहीतर मागे, अंतर तेवढंच.

दहा-बारा वर्षांची मुलं बरोबर असतील तर पहिल्यांदा पूर्ण फेरी धरूच नका. जिथून निघालात तिथून सात-आठ किलोमीटर जा, डबा खा आणि त्याच वाटेने परत या. किंवा लहान तळं निवडा. डर्बीशरमधल्या कार्सिंग्टन वॉटरची फेरी साधारण १३ किलोमीटर आहे, नॉर्दॅम्प्टनजवळच्या पिट्सफर्डची त्याहूनही थोडी कमी. याच्या उलट टोक म्हणजे नॉर्थम्बरलंडमधलं कील्डर. तिथली काठावरची वाट ४२ किलोमीटर आहे, दुकानं अगदी तुरळक आणि मोबाइलची रेंज भरवशाची नाही. तिथे नकाशा आधीच फोनवर उतरवून घ्या आणि उन्हाळ्यात चिलटांसाठी मलमही न्या.

घड्याळ बदलल्याचा विसर पडणं

एका ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आम्ही दुपारी एकला निघालो. आदल्या रात्री घड्याळं, इथे दर ऑक्टोबरात जातात तशी, तासभर मागे गेली होती. सकाळी एक तास जास्त झोप मिळाली याचाच आनंद होता, संध्याकाळचा तास गेला हे कुणाच्या लक्षात आलं नाही. सूर्य पावणेपाचच्या आधीच बुडाला. आम्ही दक्षिण काठावरच्या नॉर्मन्टनच्या अलीकडे, दोन सायकलींना मिळून एकच दिवा, धाकटीची बोटं गारठून ब्रेक दाबता येईना. शेवटचे चार किलोमीटर सायकली हातात धरून चालत काढले. भाड्याच्या सायकली परत करायची वेळ टळून गेली होती, ते वेगळंच.

जूनमध्ये रात्री साडेनऊलाही उजेड असतो आणि त्याच उजेडाची सवय मनाला लागते. डिसेंबरात मात्र चारच्या आत अंधारायला लागतं. सप्टेंबर संपला की निघण्याआधी त्या दिवसाच्या सूर्यास्ताची वेळ बघा आणि त्याच्या तासभर आधी परत पोचायचा हिशेब धरा. पुढचा पांढरा, मागचा लाल असे दिवे प्रत्येक सायकलीला हवेतच.

वारा पाठीवर घेऊन निघणं

निघताना वारा पाठीवर असला की पाय आपोआप चालतात आणि परतीला तोच वारा छातीवर येतो. उघड्या पाण्यावरून येणारा वारा अडवायला काही नसतं. इथे बहुतेक दिवस वारा नैऋत्येकडून येतो. उत्तर काठावरच्या व्हिटवेलहून निघणार असाल आणि वारा तसाच असेल तर आधी पश्चिमेला, ओकहॅमच्या दिशेने जा. बार्न्सडेलच्या जंगलातला चढ आणि हॅम्बल्टनची चढउताराची वाट पायांत जोर असतानाच होऊन जाते, आणि दक्षिण काठाने परतताना वारा पाठीशी येतो.

ओल्या लोखंडावर सायकल वळवणं

मेंढ्या-गुरांनी हद्द ओलांडू नये म्हणून वाटेत जागोजागी खड्डा करून त्यावर लोखंडी दांड्या आडव्या टाकलेल्या असतात. माणूस आणि चाक जातं, खूर अडकतात म्हणून जनावर थांबतं. पाऊस पडून गेला की या दांड्या शेवाळलेल्या फरशीसारख्या निसरड्या होतात. माझ्या मेहुण्याने त्यांच्यावरच हँडल वळवलं आणि कोपरावर पडला. दांड्या येण्याआधीच वेग कमी करा, चाक त्यांना काटकोनात ठेवा, आणि वर असताना ब्रेकही नको, वळणंही नको. आत्मविश्वास नसेल तर उतरा, शेजारच्या फाटकातून सायकल हाताने न्या.

फाटकांचा नियम सोपा आहे: बंद होतं तर बंद करा, उघडं होतं तर उघडंच राहू द्या. शेतकऱ्याने मेंढ्यांना पाण्याची वाट मोकळी ठेवलेली असू शकते.

प्रत्येक पायवाटेवर सायकल घालणं

तळ्याभोवतीची मुख्य वाट चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची सामाईक असते, पण तिला फुटणाऱ्या वाटांचं तसं नाही. खांबावर पिवळा बाण असेल तर ती फक्त चालायची वाट. निळा बाण म्हणजे घोडेवाट. तिच्यावर १९६८च्या कायद्याने सायकलला परवानगी मिळाली, पण चालणाऱ्यांना आणि घोडेस्वारांना आधी वाट द्यायची या अटीवर. घोडा दिसला तर लांबूनच हाक द्या. मागून अचानक घंटी वाजवली तर घोडा बिथरतो.

पाण्याला ओळखीचं समजणं

इथे मला तळमळीने सांगायचं आहे. आपल्यातले बरेच जण विहिरीत, नदीत पोहायला शिकलेले. जुलैत ऊन पडलं की वाटतं, चार हात मारून येऊ. वरचं वीतभर पाणी कोमट लागतं, पण खाली ते उन्हाळ्यातही गार असतं. अचानक गार पाण्यात पडलं की माणूस धापा टाकतो, श्वास ताब्यात राहत नाही, आणि पट्टीचे पोहणारेही पहिल्या मिनिटातच बुडू शकतात. शिवाय जलाशयाचा तळ काठापासून एकदम खोल जातो आणि पाणी ओढणाऱ्या दारांचा जोर वरून दिसत नाही. बहुतेक जलाशयांत म्हणूनच पोहायला बंदी असते. पोहायचंच असेल तर त्यासाठी राखलेल्या किनाऱ्यावर, तिथल्या वेळा पाळूनच.

कुणी पडलंच तर त्याला ओरडून सांगा: पाठीवर हो, डोकं मागे टाक, कान पाण्यात जाऊ देत, श्वास जाग्यावर येईपर्यंत पोहू नकोस. तुम्ही उडी टाकू नका. ९९९ हा आणीबाणीचा नंबर लावून अग्निशमन दल मागा आणि हाताशी असेल ती तरंगणारी वस्तू फेका. उन्हाळ्याच्या शेवटी काठाला हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली तर मुलांना आणि कुत्र्याला लांब ठेवा, ते शेवाळ विषारी असू शकतं.

पंक्चरचं सामान, पंप आणि पावसाळी जाकीट बरोबर हवंच, हे वेगळं सांगायला नको. रेल्वेने ओकहॅमला येणार असाल तर गाडीत सायकलींना जागा मोजकीच असते, तिकीट काढतानाच बघून घ्या.

फेरी पूर्ण करायच्या नादात न थांबणं

नॉर्मन्टनचं चर्च पाण्यात बुडणार होतं. लोकांनी ते वाचवलं. आतला खालचा भाग दगडगोट्यांनी भरला आणि भोवती बांध घातला, म्हणून आज ते पाण्यात उभं असल्यासारखं दिसतं. त्याच्याजवळ काही क्षण थांबा. मिडल आणि नेदर हॅम्बल्टनच्या जागी आज पाणी आहे, टेकडीवरचं अप्पर हॅम्बल्टन तेवढं उरलं. मुळशी-पानशेतच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला त्या भूशिरावरून जाताना खालच्या घरांची आठवण आल्यावाचून राहत नाही.

आणि एप्रिल ते ऑगस्टमध्ये जाणार असाल तर दुर्बीण विसरू नका. ऑस्प्रे हा मासेखाऊ शिकारी पक्षी इथे पुन्हा वसवायला १९९६ साली स्कॉटलंडहून पिल्लं आणली आणि २००१ साली इथल्या घरट्यात पहिलं पिल्लू झालं. दक्षिण काठावर लिंडनच्या बाजूला पक्षी बघण्यासाठी लाकडी आडोसे केले आहेत. तिथे सायकल बाहेर ठेवून अर्धा तास शांत बसा. ऑस्प्रे पाण्यावर एका जागी पंख फडफडवत थांबतो, मग पाय पुढे काढून खाली झेप घेतो. वर उडताना पकडलेल्या माशाचं तोंड तो पुढच्या बाजूला वळवून घेतो.