रोटरी इंजिनाच्या विमानाला सायलेन्सर निवडताना

घरी बांधलेल्या विमानात माझदाचं १३बी हे रोटरी (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणारं) इंजिन बसवताना सायलेन्सरचा विचार बहुतेकदा सगळ्यांत शेवटी होतो, आणि मग मोटारीचा तयार डबा लावून पाहिला जातो. तो टिकत नाही. मोटारीत इंजिन पूर्ण ताकदीने काही सेकंद चालतं. विमानात पाऊण ताकद तासन्‌तास लागते. त्यात रोटरीला एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नाही. रोटरची कड पोर्टवरून, म्हणजे वायू बाहेर पडायच्या भोकावरून, सरकली की तोंड एकदम उघडतं, वायू ठोसा मारल्यासारखा बाहेर पडतो आणि अर्धवट जळालेलं मिश्रण पाइपातही जळत राहतं. तापमान ९०० ते १,००० अंश सेल्सियसवर जातं ते यामुळे. माझदाच्याच आरएक्स-८ मोटारीतल्या रेनेसिस इंजिनात पोर्ट बाजूच्या भिंतीत आहेत, म्हणून आवाज जरा मवाळ. उष्णता मात्र कमी समजू नका.

आधी प्रॉपेलरचा हिशेब करा. इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर, गिअरबॉक्स २.१७ला १ (इंजिनाच्या २.१७ फेऱ्यांना प्रॉपेलरची एक) आणि प्रॉपेलर १.९ मीटरचा असेल, तर पात्याचं टोक सेकंदाला २७५ मीटरने फिरतं. एवढ्या वेगाला प्रॉपेलरच बोंबलतो, सायलेन्सर कितीही भारी लावा. गिअरबॉक्स २.८५ला १ असेल तर तोच वेग २१० मीटरवर येतो. तिथे सायलेन्सरवर केलेला खर्च कानाला कळतो.

आता डब्याचं माप. दोन रोटरचं इंजिन ६,००० फेऱ्यांवर सेकंदाला २०० धक्के देतं. एवढ्या गरम वायूत आवाजाचा वेग सुमारे ६७० मीटर, म्हणजे एका लहरीची लांबी ३.३५ मीटर. रिकामा डबा सर्वांत चांगलं काम करतो तो या लांबीच्या पाव असला तर, म्हणजे ८४ सेंटिमीटर. काउलिंगखाली (इंजिनावरच्या आवरणाखाली) एवढी जागा कुठून आणणार? पण ५० सेंटिमीटरचा डबा घेतला तरी हिशेबाने दोनेक डेसिबलच हातचे जातात. व्यासात केलेली काटकसर जास्त महागात पडते: डबा पाइपाच्या दुप्पट व्यासाचा असेल तर साडेसहा डेसिबल मिळतात, तिप्पट असेल तर तेरा. प्रत्येक रोटरचा ५० मिलिमीटरचा पाइप, दोन्ही जोडून पुढे ६५चा, आणि त्यावर २०० मिलिमीटर व्यासाचा डबा. १.६ मिलिमीटर पत्र्यात याचं वजन सहा किलोच्या आसपास भरतं.

पोटात काय ठेवायचं, इथे खरी निवड आहे. सायलेन्सर किती शांत आहे यापेक्षा तो फुटला तर काय होईल, हे आधी विचारा. आडव्या पडद्यांचा डबा शांत असतो, पण पडदा तुटून बाहेरच्या तोंडाशी अडकला तर उड्डाणानंतर चढतानाच ताकद बसते. ग्लासवूल भरलेला डबा पहिल्या काही तासांत वूल वितळवून बाहेर फेकतो. म्हणून सरळ आरपार जाणारी भोकांची नळी घ्या, बाहेर मोकळी पोकळी ठेवा, भराव नको. नळी दोन्ही टोकांना धरा, पण वेल्ड एकाच टोकाला करा. दुसरं टोक बाहीत सरकू द्या. दोन्हीकडे वेल्ड केली तर नळी डब्यापेक्षा जास्त तापून वाढते आणि तडकते.

धातू ३२१ स्टेनलेस. साध्या ३०४ला वेल्डच्या आजूबाजूला ४२५ ते ८५० अंशांत क्रोमियम कार्बाइड सुटतं आणि तिथेच तडे जातात; ३२१मधलं टायटॅनियम कार्बनला आधीच बांधून ठेवतं. निकेलचा मिश्रधातू इन्कोनेल ६२५ याहून सरस, पण खिशाला जड. ३०४ आणि ३२१ डोळ्यांनी ओळखू येत नाहीत आणि चुंबकाचाही उपयोग नाही. पत्र्याचं मिल सर्टिफिकेट (कारखान्याचा धातूचा दाखला) मागा किंवा एक्सआरएफ गनवर (क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं दाखवणाऱ्या यंत्रावर) टायटॅनियम दिसतंय का ते तपासून घ्या.

छत्रपती संभाजीनगरात काम करून घ्यायचं तर वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत टिग वेल्डर शोधा. त्याला दोन गोष्टी बजावून सांगा: फिलर (जोडात वितळवून भरायची तार) ३४७ स्टेनलेसचा, आणि पाइपाच्या आतूनही आर्गन वायू सोडायचा. आतून गॅस नसेल तर जोडाच्या मागे साखरेसारखे खरखरीत दाणे उठतात; तोच जोड पुढे तुटतो. खुणा शिसपेन्सिलने करू नका, ग्राफाइटचा कार्बन तापल्यावर धातूत शिरतो. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्टही दूर ठेवा.

मीटरभर पाइप तापल्यावर सुमारे १५ मिलिमीटर वाढतो. डबा नुसता पोर्टच्या फ्लँजवर लटकवला तर स्टड तुटणारच. वजन इंजिनालाच बांधलेल्या ब्रॅकेटवर घ्या, फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर) नको, कारण इंजिन रबरावर हलत असतं. मध्ये स्प्रिंगचा बॉल जॉइंट ठेवा. लॉकनट संपूर्ण धातूचे घ्या, नायलॉनचे वितळतात.

गरम हवेसाठी डब्याभोवती जॅकेट करायचा मोह मराठवाड्यात तरी कशाला? तडा गेला की त्यातूनच कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. डिटेक्टर मात्र जॅकेट नसतानाही बसवा.

बॅक प्रेशर, म्हणजे सायलेन्सरच्या अडथळ्याने मागे साठणारा दाब, जमिनीवर मोजा. कलेक्टरला (दोन्ही पाइप जुळतात तिथे) पातळ स्टील नळी वेल्ड करून मीटरभर लांबवा, मग गेज लावा. पूर्ण थ्रॉटलला २ पीएसआयच्या आत ठेवा. साधारण ५८० मीटर उंचीच्या संभाजीनगरात ४२ अंशांना हवा विरळ होते आणि विमान सुमारे १,७०० मीटर उंचीवर असल्यासारखं वागतं. मे महिन्यात आधीच घटलेल्या ताकदीत सायलेन्सरने आणखी वाटा घेऊ नये.

पहिल्या तासाभराच्या ग्राउंड रननंतर डबा उतरवा, पुढे ५ आणि १० तासांनी, नंतर दर २५ तासांनी. लाकडी हातोड्याने हलके ठोका. आत खुळखुळलं तर उडू नका. व्हॅक्यूम क्लीनरची हवा उलटी सोडून जोडांवर साबणाचं पाणी लावा, आणि मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा भोकांच्या नळीत घालून तिचं सरकतं टोक बाहीत मोकळं आहे का ते पाहा. ते जाम झालं असेल तर बाही कापून नवी बसवा.