पुढचे शॉकअप घरी खोलताय? आधी या चुका टाळा

ब्रेक दाबला की मोटरसायकल पुढून फार डुबते असं कोणी म्हणायचा अवकाश, लगेच सल्ले सुरू. जाड तेल टाक, थोडं जास्तच भर, स्प्रिंगवर दोन नाणी ठेव. आणि मग तोच माणूस थोड्या दिवसांनी विचारत येतो की आता तेल अडवणारं सील का गळतंय आणि हात का बधिर होतायत. हे इतक्यांदा ऐकून झालंय की म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू. सांगतोय ते साध्या टेलिस्कोपिक शॉकअपबद्दल, म्हणजे क्रोमचा पाईप खालच्या नळकांड्यात सरकतो तो, ज्याच्या आत डॅम्पर रॉड, म्हणजे तेल जायला भोकं असलेली नळी असते. कार्ट्रिजवाले, म्हणजे आत वेगळा डॅम्पर असलेले, किंवा उलटे यूएसडी, म्हणजे जाड नळी वर असलेले, असतील तर मॅन्युअल आणि त्याचं टूल हातात नसताना खोलूच नका.

आधी ते जाड तेलाचं. ब्रेक धरून ठेवल्यावर गाडी किती खाली बसणार हे मुख्यतः स्प्रिंग ठरवते, थोडंफार आतली हवा. तेल फक्त किती वेगाने बसणार ते ठरवतं. म्हणजे जाड तेल टाकलं तरी गाडी जवळपास तेवढीच डुबते, जरा सावकाश डुबते एवढंच, आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण डॅम्पर रॉडची भोकं ठरलेल्या मापाची, तेलाला त्यातूनच जायचंय, आणि शॉकअप दुप्पट वेगाने दबला तर विरोध दुप्पट नाही, चौपटीच्या आसपास जातो. ब्रेकमध्ये शॉकअप त्या मानाने हळू दबतो, खड्ड्याच्या काठावर झटक्यात. त्यामुळे जिथे फायदा हवा तिथे थोडासाच मिळतो आणि खड्ड्यात सगळा दणका सरळ मनगटात. वर यायलाही तेल उशीर लावतं, लागोपाठ खड्डे आले की एकातून सावरेपर्यंत दुसरा, शॉकअप खालीखालीच राहतो, आणि लोक म्हणतात स्प्रिंग मेली. अरे स्प्रिंग नाही मेली, तू तिला वर येऊ दे की.

त्यात डबीवरच्या आकड्यावर आंधळा विश्वास. जाडपणा १० डब्ल्यू लिहिलंय म्हणजे सगळ्यांचं सारखं असं अजिबात नसतं, एका कंपनीचं १० दुसऱ्या कंपनीच्या ५ च्या जवळ जाऊ शकतं. खरा आकडा म्हणजे ४० अंश सेल्सिअसला तेलाचा जाडपणा किती सेंटिस्टोक, तो डेटाशीटमध्ये असतो, तो बघून तुलना करा. माझी सवय सांगतो, कंपनीने सांगितलंय त्याच्या फार तर एक पायरी वर, तेही स्प्रिंग वजनाला योग्य असेल तरच. आणि इंजिन ऑइल उरलंय म्हणून ते ओतणाऱ्यांशी मी वादच घालत नाही. जुन्या काही जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, लिहिलेलं असायचं ते वेगळं, ते पातळ असतं आणि फेसही कमी धरतं.

आता माझी सगळ्यात नावडती चूक, तेल मिलीमध्ये मोजून 'थोडं जास्त' भरणं. आमच्यातला एक गडी आहे, हात चांगला, धीर शून्य. याने सील बदलली, मॅन्युअलमध्ये एका पायाला, म्हणजे एका बाजूच्या शॉकअपला, किती मिली ते दिलेलं होतं, पण जुनं तेल काढताना त्यापेक्षा कमी निघालं म्हणून याने ठरवलं की तेल कमी पडत असणार. खरं कारण एवढंच की पाय उलटा धरून धड निथळूच दिला नव्हता. मग आत राहिलेलं जुनं, त्यावर पूर्ण माप, त्यावर 'सेफ्टी म्हणून' आणखी. गाडी स्टँडवरून काढली तर पुढून एकदम कडक, हा खूश, बघ म्हणे आता डुबतच नाही. पुढच्याच मोठ्या गतिरोधकावर डस्ट सील निघून पाईपवर वर चढलं, ऑइल सीलच्या ओठातून तेल बाहेर, ओघळत कॅलिपरवर, म्हणजे ब्रेक पॅड धरणाऱ्या भागावर, आणि डिस्कवर, आणि पुढचा ब्रेक धरेचना. वेग कमी होता म्हणून निभावलं. नंतर आम्ही तो पाय खोलला, स्प्रिंग बाहेर काढली, पाईप खालपर्यंत दाबायला घेतला तर निम्म्यातच तेल काठाला आलं आणि फडक्यावर सांडायला लागलं. हवेला जागाच ठेवली नव्हती. पॅड तेल प्यायलेले, ते फेकले, डिस्क ब्रेक क्लीनरने पुसली. पॅड भाजून, घासून परत वापरता येतात असं सांगणारे भेटतात, त्यांच्यामागे बसून जाऊ नका.

हिशेब बघा. पाईप आतून ३० मिमी व्यासाचा धरला तर १० मिली तेल म्हणजे पातळी साधारण १४ मिमी वर. 'थोडंसंच' असं काही नसतंच त्यात. पाय पूर्ण दाबलेला असताना वर १४० मिमी हवा आणि शॉकअपची चाल, म्हणजे तो एकूण किती दबतो ते, १३० मिमी असेल तर ढोबळमानाने २७० ची हवा १४० मध्ये दाबली जाते, दुपटीच्या आत. तेच वरची जागा ४० मिमीच ठेवली तर १७० ची हवा ४० मध्ये, चौपटीच्या वर. शेवटच्या टप्प्यात ती हवाच स्प्रिंग होऊन बसते आणि तो सगळा दाब येतो सीलवर.

म्हणून मिली फक्त दुकानातून किती आणायचं यासाठी, भरायचं ते पातळीवर. स्प्रिंग, वॉशर, स्पेसर बाहेर, पाय उभा, पाईप खालपर्यंत दाबलेला, आणि पाईपच्या काठापासून तेलापर्यंतचं अंतर मॅन्युअलमध्ये आहे तेवढं. मी सिरिंजला बारीक नळी लावतो, नळीवर त्या अंतराला टेप, आधी मुद्दाम जरा जास्त भरतो आणि मग सिरिंजने ओढत राहतो जोपर्यंत हवा यायला लागत नाही. पातळी आपोआप जागेवर. पण त्याआधी पाईप सावकाश वरखाली करून अडकलेली हवा काढायची, पूर्ण चालीत सारखाच विरोध लागेपर्यंत, मग दहा मिनिटं तसंच ठेवायचं. ही दहा मिनिटं कोणालाच नको असतात. बुडबुडे असताना मोजलेली पातळी खोटी असते, आणि मग लोक म्हणतात डावा उजवा वेगळा का वाटतोय.

दुसरी चूक, पाय गाडीवरून काढून मग टॉप कॅप, म्हणजे पाईपचं वरचं झाकण, खोलायला बसणं. मोकळा पाईप हातात फिरतो, मग कोणीतरी तो व्हाइसमध्ये आवळतो नाहीतर पाईप पाना लावतो, क्रोमवर दात उमटतात आणि तेच दात नवीन सीलचा ओठ कापतात. क्रम साधा आहे, आधी वरच्या टीचा, म्हणजे दोन्ही पाय धरून ठेवणाऱ्या ब्रॅकेटचा, बोल्ट ढिला, कारण तो कॅपच्या आट्यांनाही आवळून धरतो, मग कॅप फक्त सैल करायची, आणि मगच खालच्या टीचे बोल्ट. कॅप पूर्ण काढताना वरून दाबून धरा आणि तोंड बाजूला ठेवा, आत स्प्रिंग दाबलेली असते, शेवटचा आटा सुटला की उडते. सील बदलणार असाल तर खालचा ॲलन बोल्टही स्प्रिंग आत असतानाच सैल करा, नाहीतर आतला डॅम्पर रॉड बोल्टबरोबर गोल गोल फिरत बसतो. त्याचं तांब्याचं वॉशर नवीन टाका.

बाकीचं पटापट. चाक काढण्याआधी इंजिनखाली जॅक नीट लावा, साईड स्टँडच्या भरवशावर कोणी हे काम करत असेल तर त्याला थांबवा. कॅलिपर ब्रेक पाईपवर लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. कॅलिपर बाहेर असताना ब्रेक लिव्हर दाबू नका, पिस्टन बाहेर येतात, आणि सगळं बसवल्यावर निघायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. नवीन सील बसवताना पाईपच्या तोंडावर तेल लावलेली पातळ प्लास्टिक पिशवी चढवा. पाईपवर गंजाचे खड्डे असतील तर सीलवर पैसे घालवू नका, आधी पाईप बघा. टीचे बोल्ट जोर लावून नाही, टॉर्क पान्याने.

एक्सलचं मात्र जरा सांगतो, कारण बहुतेक जण हे सोडूनच देतात. एक्सल घट्ट करा पण त्याला पायाच्या तळाशी आवळून धरणारा पिंच बोल्ट ढिलाच ठेवा, गाडी चाकावर उतरवा, पुढचा ब्रेक धरून शॉकअप जोरात दाबा, काही वेळा, आणि मग पिंच बोल्ट आवळा. तसं नाही केलं तर दोन्ही पाय एकमेकांना ताणून धरतात, शॉकअप अडकत अडकत चालतो आणि दोष तेलाला.

नाण्यांचं राहिलं. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून बसवलीय ते, वाढवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडी पुढून उंच होते. नाणी तर वेडीवाकडी बसतात, घासतात आणि त्याचा चुरा तेलात, ठेवायचाच असेल तर सरळ कापलेला पाईपचा स्पेसर ठेवा. आणि आधी मोजा. पाईपवर झिप टाय बांधा, चाक उचललेलं असताना तो सीलला टेकवा, मग पूर्ण सामानासकट गाडीवर बसा, कोणीतरी गाडी धरायला हवं, हळूच उतरा, चाक परत उचला आणि झिप टाय सीलपासून किती सरकला बघा. रस्त्यावरच्या गाडीला एकूण चालीच्या साधारण एक तृतीयांश ठीक, म्हणजे १३० मिमी चाल असेल तर ४० च्या आसपास. प्रीलोड पूर्ण वाढवूनही त्यापेक्षा फारच खाली बसत असेल तर स्प्रिंगच जास्त कडक लागणार, तेल बदलून काही होणार नाही.

आणि पाना हातात घ्यायच्या आधी करायचं ते मी शेवटी सांगतोय. टायरची हवा बघा. मग पुढचा ब्रेक दाबून गाडी पुढेमागे हलवा, एक बोट खालच्या टीच्या आणि फ्रेमच्या मधल्या फटीवर ठेवून. तिथे टक्क जाणवलं तर बॉल रेसर, म्हणजे हँडलचं बेअरिंग, ढिला आहे, शॉकअप खोलू नका, तो आवळा.