सोळा वर्षांचं पात्र लिहायचंय? आधी त्याचं वेळापत्रक मांडा

ठाण्यात घडणाऱ्या मालिकेत अकरावीतली मुलगी आणायची ठरली की पहिला वाद तिच्या भाषेवरून: ‘ब्रो’ म्हणेल की ‘भावा’? हे काम शेवटी ठेवा. रोजच्या मालिकेत भागांची बँक असते, म्हणजे आधीच चित्रित करून ठेवलेल्या भागांचा साठा. आज लिहिलेला ताजा शब्द प्रक्षेपणापर्यंत मुलांनी टाकून दिलेला असतो आणि तोवर त्यांच्या आईबाबांनी उचललेला असतो.

एका कोऱ्या पानावर तिचा आठवडा तासातासाने मांडा. दोन रकाने करा: ‘खरं काय’ आणि ‘घरी काय माहीत आहे’. समजा, ती ऐरोलीला राहते, सायन्सला आहे, क्लास नौपाड्यात. ट्रान्स-हार्बरची लोकल, मध्ये दिघा गाव, मग ठाणे. क्लास साडेसहाला सुटतो, घरी मात्र सात सांगितलेत. तुमची सगळी गोष्ट त्या अर्ध्या तासात आहे. दोन्ही रकाने तंतोतंत जुळले तर पात्र अजून तयार नाही असं समजा.

बहुतेक मालिका घसरतात त्या कॉलेजवर. कट्टा, कँटीन, गिटार. पण जेईई-नीटची तयारी करणारी मुलगी ‘इंटिग्रेटेड’ला, म्हणजे क्लास आणि कॉलेजच्या जोडव्यवस्थेत, असेल तर कॉलेज तिच्यासाठी प्रॅक्टिकल आणि परीक्षेपुरतं. तिच्या ओळखी होतात क्लासच्या जिन्यात, खालच्या वडापावच्या गाडीवर, झेरॉक्सच्या रांगेत. प्रसंग तिथे न्या. निर्मात्यालाही जिना कँटीनपेक्षा स्वस्त पडतो.

पैशांचा हिशेबही लिहा. आठवड्याला ३०० रुपये धरले, तर तलावपाळीवर मैत्रिणींना आईस्क्रीम खिलवल्यावर शुक्रवारी ती उपाशी. हा हिशेब कपडेपटाला द्या: सहा टॉप, दोन जीन्स, एकच सॅक, आलटूनपालटून. दर प्रसंगाला नवा कुर्ता दिसला की तिची पैशांची चणचण कोणी मानत नाही. तिला स्कूटरवर बसवण्याआधीही थांबा. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. रस्त्यावर सर्रास दिसणाऱ्या ११० सीसी स्कूटरला अठरा पूर्ण लागतात. एक तर पोलिसाने अडवण्याचा प्रसंग लिहा, नाहीतर शेअर रिक्षा.

पात्रयोजनेत वय वाढवायचा मोह होतो, त्याला कारण आहे. २०१७च्या केंद्रीय नियमांनुसार चौदा वर्षांखालच्या कलाकाराला दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सोळा-सतरा वर्षांच्यांना कॉलेज, क्लास, परीक्षा. घोडबंदर रोडच्या सेटवरची बारा तासांची शिफ्ट त्यांना झेपणार कशी? मग बाविशीची नटी येते. यात नवं काही नाही: ‘बेव्हर्ली हिल्स ९०२१०’ ही अमेरिकन मालिका १९९० मध्ये सुरू झाली तेव्हा शाळकरी अँड्रिया साकारणारी गॅब्रिएल कार्टेरिस २९ वर्षांची होती. मोठी नटी घ्यायचीच असेल तर मेकअप कमी करा आणि सॅकमध्ये खरी पुस्तकं भरा. चार-पाच किलो पाठीवर आले की चाल आपोआप बदलते. रिकामी सॅक कॅमेऱ्यात लगेच ओळखू येते.

मोबाइलवरचा मेसेज थेट पडद्याचं शूटिंग करून दाखवू नका, काचेवर दिवे चमकतात. अक्षरं संकलनात टाका: पाच-सहा शब्द, तीन सेकंद. मुलं मराठी रोमन लिपीत टाइप करतात, पण टीव्हीचा रिमोट बहुधा आजीकडे असतो. म्हणून मेसेज वाचणाऱ्या मुलीच्या चेहऱ्यावरूनही मजकूर कळला पाहिजे. मुलं स्वतः हा प्रसंग पाहतील ते बहुतेक उभ्या रीलमध्ये. महत्त्वाचे चेहरे चौकटीच्या मधल्या तिसऱ्या भागात ठेवा, नाहीतर रील कापताना अर्धं भांडण बाहेर जातं.

प्रसंग लिहून झाला की त्यातले आईच्या प्रतिक्रियेचे क्लोजअप खोडून वाचा. काहीच उरलं नाही, तर तुम्ही मुलीवर लिहिलेलंच नाही, आईच्या काळजीवर लिहिलंय. मराठी मालिकांत हे फार होतं.

आता भाषा. पालकांच्या परवानगीने पंधरा ते सतरा वयाची चार मुलं बोलवा, संहिता मोठ्याने वाचायला द्या. ‘आवडलं का?’ विचारू नका, ती ‘हो’ म्हणून मोकळी होतील. प्रत्येकाला लाल पेन द्या आणि जे वाक्य तोंडातून निघत नाही ते खोडायला सांगा. वाचताना कोण कुठे हसलं, कोणी कुठे फोन उचलला, पान नंबरासह टिपा. दोघांनी खोडलेलं वाक्य काढाच, आणि त्या जागी त्यांचा शब्द घालू नका. आधी तिथे गप्प बसून चालतं का पाहा.